दोन बहारांचं झाड

आमच्या घरात इंग्रजीतलं काहीही निघालं की ते माझ्यापुढे येऊन पडतं. विम्याची पत्रं, औषधाच्या डबीतले कागद, मिक्सरचं माहितीपत्रक. लहानपणी पाहुणे आले की मला मधोमध उभं करून इंग्लिशमधून बोलून दाखव म्हणायचे, आणि मी आतल्या खोलीत पळून जायचे. बोलणं मला कुठल्याच भाषेत धड जमलं नाही. लिहिणं जमतं असं घरच्यांना वाटतं. आबाजींच्या चित्राची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच.

मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जिल्हा झालं तशी नवी कार्यालयं आली, त्यांना नव्या भिंती आल्या. एका सरकारी इमारतीच्या सभागृहात या भागातली जुनी चित्रं आणि फोटो लावायचं ठरलं. बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक हे काम बघत होते. ते घरी आले, चहा पीत भिंतीकडे बघत म्हणाले की मास्तरांचं ते संत्र्याचं चित्र तिथे शोभून दिसेल. बाबांनी कपही खाली ठेवला नाही, हो म्हणून टाकलं. चित्राखाली पाटी लागणार होती. चित्रकाराचं नाव, साल आणि चार ओळी, हिंदीत आणि इंग्रजीत. हिंदी बाबा लिहिणार होते.

आबाजी म्हणजे बाबांचे वडील. सौंसरला एका शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते आणि जवळच्या गावात आमचा संत्र्याचा बगीचा होता, अजून आहे. मी पहिलीत असताना ते गेले. माझ्या आठवणीत त्यांची एक गोष्ट पक्की आहे. मी काढलेलं घर आणि डोंगर त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, नाव कुठे आहे? शाळेत ते सही नसलेल्या चित्राचे दोन गुण कापायचे. त्यांच्या हातून सहीशिवाय काही सुटत नसे. सायकलच्या मडगार्डवर त्यांची सही होती, छत्रीच्या दांड्यावर होती, बगीच्यातल्या विहिरीच्या कठड्यावर ओल्या सिमेंटमध्ये काडीने कोरलेली होती.

या चित्रावर मात्र सही नव्हती.

चित्र हार्डबोर्डवर होतं, साधारण खिडकीच्या एका झडपेएवढं. समोर संत्र्याचं मोठं झाड, त्याखाली संत्र्यांचा ढीग आणि तीन बाया लहान-मोठी फळं वेगळी करत बसलेल्या. दोघींचे चेहरे दिसतात. तिसरी पाठमोरी आहे, पदर कमरेला खोचते आहे. झाडावर पिकलेली फळं आहेत आणि त्यांच्यामधून पांढरी फुलंही आहेत. लहानपणी मला ती फुलं मोजायचा नाद होता. कधीच एक आकडा दोनदा आला नाही.

सहीचं उत्तर आमच्या घरी तयार होतं. सही होती, ती आईने पुसली. दर दिवाळीला आई ते चित्र कापलेल्या बटाट्याने पुसायची, तसं तिला तिच्या माहेरी शिकवलं होतं. मळ निघतो आणि रंग उजळतो म्हणे. तर लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवाळीत तिने उजवा कोपरा जोरात घासला आणि आबाजींची सही गेली. बाबा हे हसत सांगायचे, पाहुणे हसायचे, आई चहाचे कप उचलून आत जायची. ते पंचवीसेक वर्षं चाललं असेल.

साल कुणालाच माहीत नव्हतं. बाबा म्हणायचे, आबाजी तरुण होते तेव्हाचं, माझ्याही आधीचं. पाटीवर 'तरुण होते तेव्हाचं' लिहिता येत नाही. म्हणून मी माझ्या मैत्रिणीच्या मावशीला विचारलं. त्या नागपूरला एका कला महाविद्यालयात शिकवतात. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला यायच्याच होत्या, तिथून पुढे आमच्याकडे आल्या.

त्यांनी चित्र खाली उतरवायला लावलं, खिडकीजवळ आडवं ठेवलं आणि मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरला. तशा उजेडात ब्रशचा एकेक फटकारा उंचवटा होऊन दिसायला लागला. त्यांनी सांगितलं की काढणारा हात शिकलेला आहे, पण वयाने लहान असावा, कारण घाई आहे आणि भीती नाही. साल त्यांना सांगता येईना. असा बोर्ड आणि असे रंग बरीच वर्षं मिळत होते, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या अंतरात कुठेही, म्हणाल्या. फुलं आणि फळं एकाच झाडावर ही सजावट आहे, चित्रकार असं स्वातंत्र्य घेतात, हेही त्या म्हणाल्या. मग उजव्या कोपऱ्यावर बराच वेळ टॉर्च धरून बसल्या.

"इथे सही कधी नव्हतीच," त्या म्हणाल्या. "रंग पूर्ण आहे. फटकारे थेट कडेपर्यंत गेलेत. घासलेलं असतं तर इथे तुटले असते."

आई चिवड्याचं ताट घेऊन दारात उभी होती. बाबा म्हणाले, जुनं आहे, टॉर्चने काय समजतं. मावशींनी टॉर्च बंद केला.

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात आईने पुसून झालेला ओटा पुन्हा पुसला. मी म्हटलं, तू नव्हती पुसली. ती म्हणाली, "मले माहीत होतं ना. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून मग वाटे, पुसलीच असन."

पुढच्या आठवड्यात काका आले. ते बाबांचे चुलतभाऊ, बगीचा आता तेच बघतात. पोतंभर संत्री दारात टेकवून ते पाणी पीत बसले होते, आणि बाबा अजून ऑफिसातून यायचे होते. मी सहज त्यांना विचारलं की हे चित्र कधीचं असेल. चित्राबद्दल त्यांना कुणी विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ते येतात, संत्री ठेवतात, जेवतात आणि पाचच्या बसने जातात.

काकांनी चित्राकडे पाहिलंही नाही.

"दोन बहारांच्या सालचं," ते म्हणाले.

मला समजलं नाही हे त्यांना दिसलं. "तुमच्या इंग्लिश मीडियमात झाडाले फूल कवा येते हे नाय शिकवत काय व?" असं म्हणून ते हसले आणि मग नीट समजावून सांगितलं. संत्र्याला फुलं दोनदा येऊ शकतात, थंडी सरताना आणि मृगाच्या पावसावर. शेतकरी त्यातला एकच बहार घेतो. जो हवा त्याच्या आधी झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण देणं म्हणतात. ताण संपवून पाणी सोडलं की झाड फुलतं. मृगाचा बहार धरला असेल तर फळं माघ-फाल्गुनात पिकतात, आणि तेव्हा झाडाला थंडीभर पाणी मिळालेलं असतं, म्हणून नवी फुलं येत नाहीत. फळं पिकलेली आणि त्यातच फुलं, याचा अर्थ थंडीत कुणी पाणी द्यायला विसरलं, झाड सुकलं आणि मग एकदम पाणी मिळालं.

"सजावट नाय ते. ते बिघडलेलं झाड हाय," काका म्हणाले. "आपल्या बगीच्यात असं एकदाच झालं. आबाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या साली. ते नागपूरले पडून होते, इकडं पाण्याकडं कोणाचं ध्यान नाय. मी तवा पोट्टाच होतो. महिन्याभरानं झाडं पाह्यली अन् घाबरून रातदिस मोटर चालवली. फुलं आली, फळं गळाली. पुढं दोन वर्षं बगीचा उठला नाय."

"हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलंच नाय. मले वाटे, तुमाले माहीत हाय."

मी विचारलं की आबाजी नागपूरला होते, तर मग चित्र कुणी काढलं. काकांनी पेला खाली ठेवला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले की झाडाचं मी सांगितलं, चित्राचं तुमचं तुम्ही पाहा. बाबा यायच्या आत ते बसस्टँडवर निघून गेले. जेवलेही नाहीत.

ऑपरेशनची गोष्ट मला पाठ होती. बाबा ती दरवर्षी आबाजींच्या तिथीला सांगतात. डोळ्याचा पडदा सुटला होता. त्या काळी अशा ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून रुग्णाला निपचित पडून राहावं लागे. बाबा नववीत होते. शाळा सोडून दोन महिने ते नागपूरला वडिलांजवळ राहिले, त्यांना हाताने भरवलं, धरून न्हाणीत नेलं. ते वर्ष बाबांचं गेलं, नववी दुसऱ्यांदा करावी लागली. ही गोष्ट नेहमी एकाच जागी संपायची. पट्टी सुटल्यावर दोघं घरी आले. आबाजींनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा काय पाहिलं, तर भिंतीवरचं हे चित्र. किती वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, तरी रडले. आपलंच चित्र पाहून माणूस रडतो, बाबा म्हणायचे, तो खरा कलावंत.

मी ती गोष्ट मनात पुन्हा पहिल्यापासून ऐकली. थंडीत झाडं सुकली, माघात फुलली. तेव्हा आबाजी डोळे बांधून नागपूरला होते. ते परत आले तेव्हा त्याच फुलांचं चित्र भिंतीवर होतं. घरात तेव्हा आजी होती, आणि आत्या होती. आत्याचं लग्न त्याच वैशाखात झालं.

आत्या सौंसरला राहते. शनिवारी मी कुणाला न सांगता बसने गेले. ती अंगणात चटई टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून, एकटीच काहून आली व, असं विचारलं आणि शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. मीही सोलायला लागले. मला विषय काढता येत नाही. अर्धी परडी संपल्यावर मी तिला झाडाचं सांगितलं. पाणी, ताण, दोन बहार, सगळं, आणि तिच्याकडे न बघता.

आत्याचे हात थांबले नाहीत.

"त्या फुलांनी लय त्रास दिला," ती म्हणाली. "फुलं पांढरी अन् ऊनही पांढरं. आबाजीची पांढऱ्या रंगाची नळी अर्धी संपली. मी भेली होती, आता आले का बोलतीन."

बोर्ड शाळेच्या स्नेहसंमेलनातून उरलेला होता. रंग कालवायला ती लहानपणापासून आबाजींजवळ बसायची, त्यांनी शिकवलं असं नाही, पण उठवलंही नाही. पाठमोरी बाई म्हणजे आजी. तोंड काढशील तर जेवायला देणार नाही, असं आजीने बजावलं होतं, म्हणून ती पाठमोरी. हे सांगताना आत्या हसली. मी विचारलं, मग सही?

"ब्रश भिजवला होता सहीले. आबाजी चित्रापुढं उभे होते. त्यायनं माझा हात धरला. म्हणे, थांब. दोन महिन्यानं आडनाव बदलन तुझं. तिकडचं नाव लागलं का कर."

तिने एक शेंग सोलली, दाणे परडीत टाकले.

"मग लग्न झालं. इकडच्यांनी तं पहिलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून यायनं अंगठीनं लिहिलं. मी वाचलं, म्हटलं बरं. आता त्या नावाच्या बाईनं तं काहीच काढलं नव्हतं. कायची सही करू?"

पहिल्या दिवाळीला ती चित्र मागायला माहेरी गेली होती. आबाजी म्हणाले, इथे चांगलं दिसतं, राहू दे. तेव्हा बैठकीत पाहुणे होते आणि मास्तर काय हात आहे तुमचा, असं म्हणत होते. आबाजी काही म्हणाले नाहीत. नंतरही कधी म्हणाले नाहीत. आपलं आहे असं ते बोलले नाहीत आणि आपलं नाही असंही बोलले नाहीत. सही मात्र केली नाही. एवढं त्यांना जमलं नाही, किंवा एवढंच त्यांना जमलं. मला अजून ठरवता येत नाही.

पुन्हा काढलं नाहीस का, हे मी विचारलं नाही. तिच्या घरात एकही चित्र नव्हतं.

निघताना आत्या फाटकापर्यंत आली. मी पाटीचं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "लिहिशील तं जुनं लिही. पहिलं नाव अन् आडनाव, दोन्ही जुनं." मला तिचं जुनं नाव माहीत नव्हतं. बाबा तिला ताई म्हणतात, काकाही ताईच म्हणतात. मी वही पुढे केली. तिने पेन घेतला आणि कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव लिहिलं, शेवटच्या अक्षराखालून एक रेघ ओढली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं न केलेली सही इतकी सरळ येईल असं मला वाटलं नव्हतं. मी मान हलवली. ती मान हलवणं म्हणजे कबूल करणं होतं, हे आम्हा दोघींनाही कळलं.

रविवारी मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की पुरावा काय, संत्र्याचं झाड? झाडाची साक्ष कोण मानतो? आबाजींनी नंतर आठवून काढलं असेल. मी म्हटलं, ते परत आले तेव्हा चित्र भिंतीवर होतं, हे तुम्हीच सांगता. बाबांनी वही मिटली. ती गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली असावी.

मग ते म्हणाले, "दोन महिने मी त्यायले हातानं भरवलं. माझं वर्ष गेलं. अन् तू मले सांगून राहिली, ते कसे होते?"

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं. पण तसं म्हटलं नव्हतं हेसुद्धा मला म्हणता आलं नाही.

संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. आबाजींचं नाव टाकू नको, ताईचंही टाकू नको, म्हणाले. कुणाचंच नको. साल टाक. माझ्यापुढे लॅपटॉप उघडा होता. मजकूर मी दोन्ही प्रकारे लिहून ठेवला होता. त्यांना न सांगता मी आत्याचं नाव घालून पाठवला असता तर पाटी लागेपर्यंत त्यांना कळलंही नसतं, आणि लागल्यावर सरकारी भिंतीवरून ती कुणी काढली नसती. एक शब्द बोलायचा नव्हता. फक्त एक बटण दाबायचं होतं. आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की मला बोलता येत नाही, नाहीतर मी बरंच काही केलं असतं.

मी 'आर्टिस्ट अननोन' लिहिलं. पुढे साल लिहिलं, काकांनी आणि झाडाने सांगितलेलं, अचूक. खालच्या चार ओळींत दोन बहार आणि ताण यांबद्दल व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं. ते निवृत्त शिक्षक म्हणाले की मजकूर फार अभ्यासपूर्ण झाला आहे. हिंदीत बाबांनी 'अज्ञात चित्रकार' केलं.

चित्र गेलं. आईने त्या जागी कॅलेंडर लावलं. बाबा कधी पाहुण्यांना तिकडे घेऊन जातात. पाटीसमोर उभे राहून आवाज खाली आणतात आणि सांगतात, नाव टाकता आलं नाही, कारण सही पुसल्या गेली होती. घरच्यांनीच पुसली. मागे एकदा आई बरोबर होती. ती पाठमोऱ्या बाईकडे बघत उभी राहिली आणि पदर कमरेला खोचून जिना उतरून खाली गेली.

आत्याला पेन्शनच्या एका कागदासाठी आता पांढुर्ण्याला यावं लागतं. पूर्वी जिल्ह्याचं ठिकाण छिंदवाडा होतं, तेव्हा तिकडे जायची. या उन्हाळ्यात ती आली आणि आमच्याकडे न येता परस्पर गेली. दुपारी तिचा फोन आला, मागे बसच्या कंडक्टरचा आवाज होता. घरचे बरे आहेत का विचारलं. आईचा गुडघा विचारला.

"पाटी पाह्यली," ती म्हणाली. "साल बरोबर टाकलं तू."

मी हो म्हटलं.